चौथा चोर

उद्यमबागेत आकाश नाही असं मी म्हणणार नाही. शेडच्या पत्र्यांच्या वर, विजेच्या तारांच्या वर आणि मोबाईल टॉवरच्या जरा मागे ते रोज असतं. दिवसा निळं असतं, रात्री भाजलेल्या विटेच्या रंगाचं. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्याच्या कडेने आमची ही औद्योगिक वसाहत पसरली आहे. इथे ओतकाम होतं, पंप, व्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग होतात, आणि ते रात्रपाळीलाही होतात. रात्रपाळीला उजेड लागतो. त्या उजेडाच्या धंद्यात माझाही बारीकसा वाटा आहे, पण त्याची कबुली योग्य जागी देईन. गुन्हेगाराने पहिल्याच परिच्छेदात कबूल होऊ नये.

मार्गशीर्षात पणजीहून साडूंचा फोन आला. निवृत्तीनंतर माणसं बागकाम, अध्यात्म किंवा सोसायटीचं चेअरमनपद यांपैकी एक काहीतरी धरतात. साडूंनी दुर्बीण धरली. चांगली सहा इंची, तिपाईसकट. पण पणजीत तिला दाखवायला काही नाही. मांडवीत कॅसिनोच्या बोटी लखलखतायत, वर अटल सेतू झळकतोय, आणि समुद्राची दमट हवा हा सगळा उजेड भिजल्या पंच्यासारखा आकाशभर पसरवून ठेवते. जुंता हाऊसच्या गच्चीवर खगोलप्रेमींनी वर्षानुवर्षं लोकांना चंद्राचे खड्डे आणि शनीची कडी दाखवली. चंद्र-शनी दांडगे, ते शहराच्या उजेडातूनही वाट काढतात. साडूंना हवे होते अंधुक, लाजरेबुजरे तारकापुंज.

"भाऊ, तुमच्याकडे घाट आहे, पठार आहे. अंधार असणारच," ते म्हणाले. "दोन-अडीच तासांत गाडीनं पोचता येईल अशी एक काळोखी जागा बघून ठेवा."

पणजीच्या पाहुण्यांनी आजवर माझ्याकडे कुंदा मागितला, मांडे मागितले, एकदा तर दहा किलो लोणी मागितलं. अंधार पहिल्यांदाच मागितला. मी लगेच हो म्हटलं. अंधाराला आमच्याकडे काय तोटा? सीमाप्रश्न १९५६ पासून अंधारातच आहे.

शोध घरापासून सुरू करावा म्हणून त्याच रात्री कारखान्याच्या गच्चीवर गेलो. सोबत आमचे पॅटर्नमेकर मामा होते. साच्याच्या लाकडात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तर मामा तो लांबून सांगतात. दोघांनी मिळून तारे मोजले. अकरा भरले.

"मालक, त्यातला एक टॉवर हाय," मामा म्हणाले.

दहा. मग त्यातला एक सरकत सरकत सांबऱ्याच्या दिशेला गेला आणि विमानतळावर उतरला. नऊ.

नवाचा आकडा साडूंना कळवला. ते म्हणाले, "कृत्तिकेत किती दिसतात?" मी म्हटलं, "कृत्तिकाच दिसत नाही, तर कृत्तिकेत काय दिसणार?" त्यावर त्यांनी मला बॉर्टलची मोजपट्टी समजावली. जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळोखाच्या नऊ इयत्ता ठरवल्या. हा वर्ग उलटा आहे, इथे पहिलीतला मुलगा सगळ्यात हुशार. पहिलीचं आकाश इतकं काळं, की आकाशगंगेच्या उजेडाने जमिनीवर सावली पडते. नववी म्हणजे शहराचा मध्य. साडूंच्या अंदाजाने उद्यमबाग आठवीत बसतं. मामांना हे पटलं. ते स्वतः आठवीनंतरच वसाहतीत शिकाऊ म्हणून लागले होते.

साडूंनी थोडं सामान्यज्ञानही दिलं. लडाखात हानले इथे २०२२ साली काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. आपल्या महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. म्हणजे वाघाबरोबर आता अंधारही संरक्षित प्राणी झाला. मुंबईचे आकाशवेडे, खगोल मंडळाची माणसं, वर्षानुवर्षं लोकलने वांगणीला जाऊन रात्र काढत आले. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. म्हणजे अंधारासाठी गाव सोडायची परंपरा जुनी आहे, फक्त आमच्या घरात ती पहिल्यांदाच शिरत होती. पेंच नागपूरच्याही पलीकडे. अडीच तासांत आम्ही फार तर तीन राज्यांच्या शिवेपर्यंत पोचू शकत होतो. सुदैवाने आमच्याकडे ती शीव जवळच आहे.

पहिल्या रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड गाठला. बेळगावच्या माणसाला कुठलीही उंच गोष्ट बघायची असली की तो आधी राजहंसगडावर जातो. गडावर नऊचे चौदा तारे झाले. पाचांचा निव्वळ नफा. पण खाली सगळं बेळगाव दिव्यांनी उलगडलं होतं, आणि माणूस डोंगरावर चढला की वर बघत नाही, आपलं घर कुठे दिसतं ते शोधतो. आम्ही तासभर तेच केलं. हा खानापूर रस्ता, ते तिसरं रेल्वे गेट, तिकडे हलग्याला ती सुवर्णसौध असणार, नसली तर मंगल कार्यालय असणार. मामांनी आपल्या शेडचा दिवा अचूक ओळखला आणि काळजीत पडले, "मधल्या शेडची लाईट कोण चालू ठेवून गेलंय?" उरलेला वेळ वॉचमनला फोन लावण्यात गेला.

दुसऱ्या रविवारी निपाणीला एका गिऱ्हाइकाकडे काम होतं. म्हटलं, येताना तवंदी घाटाच्या आसपास कुठे आडबाजूला थांबू. हा बेत करणाऱ्याने ऊसतोडणीच्या हंगामात त्या भागात पाऊल टाकलेलं नसावं. हमरस्ता म्हणजे रात्रभर चालणारी वरात. कोगनोळीचा टोलनाका दिवाळीसारखा. साखर कारखान्यांची धुराडी प्रकाशात न्हाऊन उभी. आणि उसाचे ट्रॅक्टर! एकेकाला दोन ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही, पुढे मात्र निळे-हिरवे-जांभळे झगमगते पट्टे, आणि वर कर्ण्यावर गाणी. मागून ठोकणाऱ्याला ट्रॅक्टर दिसू नये आणि समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरशिवाय काही दिसू नये, अशी ती रचना. एका आडरस्त्याला गाडी घातली, तर तिथे उसाचा पाला पेटवलेला. तारे मोजले नाहीत. खोकत खोकत घरी आलो.

तिसऱ्या रविवारी पश्चिम धरली. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी ओलांडली की पाट्यांवरची कानडी जाते, महाराष्ट्र लागतो आणि बोलणाऱ्यांची भाषा मात्र तीच राहते. चंदगडच्या पुढे एका वळणावर गाडी बाजूला घेतली, दिवे घालवले आणि उभे राहिलो. दोन मिनिटं झाली नसतील, एक मोटरसायकल थांबली.

"काय गा, गाडी बंद पडली काय?"

"नाही, नाही. असंच थांबलोय."

असंच थांबलेला माणूस आमच्या भागात चालत नाही. त्याने मोबाईलची बॅटरी लावून बॉनेटवर मारली. पाठोपाठ एक टेम्पो थांबला, त्यातून तिघे उतरले, तिघांच्याही हातात बॅटरी. अंधारात उभ्या असलेल्या माणसाला थोडा उजेड दिल्याशिवाय इथला माणूस पुढे जात नाही. इतकी माणुसकी असलेल्या मुलखात काळोख टिकायचा कसा? शेवटी खरं सांगितलं, "पणजीचे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी काळोखी जागा शोधतोय."

मागचं-पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं. 'पणजीचे पाहुणे' आणि 'जागा' एवढे दोनच शब्द त्यांच्या कानांत शिरले. "रस्त्याला लागून पायजे की आत चालंल?" टेम्पोवाल्याने विचारलं. पुढच्या दहा मिनिटांत मला तीन सात-बारे, एक काजूची बाग आणि वाटण्या न झालेली एक जमीन यांची माहिती मिळाली. "आतली जागा स्वस्त हाय, पर रात्री हत्ती येतोय," एकाने प्रामाणिकपणे सांगितलं. हत्ती इथे थापेतला नाही. दांडेलीच्या बाजूने आलेले हत्ती गेली वीसेक वर्षं चंदगड-दोडामार्गच्या शेतांतून हिंडतायत. हत्ती म्हणजे अंधाराची खात्रीच, पण सहा इंची दुर्बिणीतून सहा फुटांवरचा हत्ती बघायची साडूंची तयारी असेल असं वाटलं नाही.

आंबोलीचं नाव निघालं, पण तिथे धुकं नसलं तर हॉटेलांचे दिवे असतात आणि दिवे नसले तर धुकं असतं. राहिली चोर्ला घाटाची वाट. पिरनवाडीवरून कुसमळी, पुढे जांबोटी, कणकुंबी. बेळगावहून पन्नासएक किलोमीटर, आणि पणजीहूनही तितकंच, आणि वर थोडा घाट. मलप्रभा इथे उगमते आणि पूर्वेला जाते, डोंगरापलीकडचं पाणी म्हादईतून गोव्याला जातं. जमिनीसाठी महाजन आयोग बसला, त्याचा अहवाल १९६७ साली आला. पाण्यासाठी लवाद बसला, त्याचा निवाडा २०१८ साली आला. अंधारासाठी अजून कुणी बसलेलं नाही, म्हणजे तो तिथे शिल्लक असण्याची शक्यता होती. शिवाय आमच्या फेटलिंग खात्यातल्या एका पोराचं गाव त्याच पट्ट्यात, मुख्य रस्त्यापासून आत होतं. रात्री जंगलात घुसायचं नाही, त्याच्या आजीच्या अंगणात बसायचं, असं ठरलं. त्या बाजूला अस्वलं आहेत, आणि अस्वलाला 'तारे बघतोय' हे कुठल्याच भाषेत सांगता येत नाही.

दिवस ठरवणं हे याहून अवघड निघालं. चांदण्यात तारे फिके पडतात, म्हणून अमावास्या हवी. पौषातली अमावास्या निवडली. सीमाभागात अमावास्येचं जरा दुहेरी आहे. कारखान्यात त्या दिवशी मशीन पुसून हार घालतात, नारळ फोडतात, लाल कापड वाहतात. फोरमन कन्नड माणूस, तो म्हणाला, "अमावास्या? बरोबर दिवस धरलाय मालक, काम फत्ते." घरी आईला सांगितलं, तर तिने हातातली वातींची पेटी खाली ठेवली. "अमावास्येला? रात्री? घाटात? आणि ती लांब नळकांडी घेऊन? लोक म्हणतील, गुप्तधन काढायला आलेत." मी कारखान्यापुरता कर्नाटकात आणि घरापुरता महाराष्ट्रात राहतो, त्यामुळे दोघांचंही ऐकलं. अमावास्येला गेलो आणि खिशात आईने दिलेला अंगारा घेऊन गेलो.

साडूंना गाठायची जागा कणकुंबीचा नाका ठरली होती. पोचलो तर त्यांची गाडी बाजूला घेतलेली, मागचं दार उघडं, आणि त्यांची सहा इंची दुर्बीण दोन हवालदारांनी लहान मुलाला धरावं तशी आडवी धरलेली. गोव्याहून येणाऱ्या गाडीत लांब, पोकळ, झाकण असलेली नळी सापडली तर नाक्यावरच्या माणसाने काय समजावं? मी त्यांच्या जागी असतो तर मीही हुंगून बघितलं असतं.

"इद्राग एनैती?" साहेबांनी मला विचारलं. यात काय आहे?

"नक्षत्र नोडूदु, सर." नक्षत्रं बघायची आहेत.

साहेबांनी नळीच्या तोंडाशी डोळा लावला. आत मोठा आरसा, त्यात साहेबांचाच डोळा, वाटीएवढा. ते दचकून मागे झाले. मग चेहरा एकदम मऊ झाला आणि मराठीत म्हणाले, "नक्षत्र बघता? मग माझ्या पोरीचं बघा की. मूळ नक्षत्र म्हणून तीन स्थळं मोडली." साडूंनी मूळ नक्षत्र वृश्चिकाच्या शेपटीत असतं, ते निव्वळ लांबलांबचे तारे आहेत, त्यांचा लग्नाशी संबंध नाही, हे कळकळीने सांगितलं. साहेबांनी तितक्याच कळकळीने ऐकलं आणि विचारलं, "ते बरोबर. पण शांती कुठं करायची?"

नाक्यावरून सुटलो आणि पुढच्या वळणावरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. गाडीतून उतरलो आणि डोळ्यांवर हात घेतला. हॉटेलच्या माडीवर एक फ्लड लाईट होता, तोंड सरळ आभाळाकडे. त्याच्या उजेडात समोरचा डोंगर पानापानासकट दिसत होता. वटवाघळं बिचारी गोंधळून घिरट्या घालत होती. दारातल्या पायऱ्या मात्र अंधारात होत्या, त्यावरून साडू अडखळले.

"कोण असले दिवे बनवतं?" साडू गुडघा चोळत कडाडले. त्यांनी मग मला समजावलं. जुने सोडियमचे दिवे पिवळे होते, आताचे स्वस्त एलईडी निळसर पांढरे असतात, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश ज्या कारणाने निळं दिसतं तेच कारण. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. त्या हिशेबाने आठ वर्षांत दुप्पट.

मामा काही बोलले नाहीत. ते माडीकडे टक लावून बघत होते. दिव्याच्या पाठीवर, उष्णता बाहेर जावी म्हणून असतात तशा, सात पात्या होत्या. सातवी पाती टोकाला जराशी कापलेली. ती खूण मामांची. त्या पॅटर्नचं लाकूड त्यांनी स्वतः कोरलं होतं.

आता कबुली देतो. फ्लड लाईटचं ॲल्युमिनियमचं घर ओतून द्यायचं जॉबवर्क आमच्याकडे गेली चार वर्षं आहे. धंदा चांगला चाललाय. साडूंचे ते ९.६ टक्के ऐकताना माझ्या मनात आधी 'बाजार वाढतोय' असंच आलं होतं. मी चहाचे पैसे दिले आणि गप्प बसलो.

मुख्य रस्ता सोडून पाच-सहा किलोमीटर आत गेलो. डोंगराच्या आड गाव होतं, शेणाने सारवलेलं अंगण, पडवीत एक बल्ब. फेटलिंगच्या पोराची आजी खांबाला टेकून बसली होती. काय करायला आलात हे तिने विचारलं. तारे बघायला, म्हटल्यावर तिला त्यात नवल वाटलं नाही, नवल एकाच गोष्टीचं वाटलं: "मग ही लाईट घालवू काय?" आणि तिने उठून बटण दाबलं.

एवढंच करायचं होतं. तीन रविवार, चार टाक्या पेट्रोल, तीन सात-बारे आणि एक नाका पार करून आम्ही ज्या गोष्टीसाठी आलो होतो, ती म्हातारीने अर्ध्या सेकंदात करून दाखवली.

पण आमच्याबरोबर साडू होते. दुर्बीण जोडायची म्हणून त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, बॅटरी आमच्या तोंडावर धरून. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. मामांनी खिशातून मशीनपूजेचं लाल कापड काढलं आणि बॅटरीला गुंडाळलं. अमावास्येच्या पूजेचा इतका शास्त्रीय उपयोग आधी कुणी केला नसेल.

मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९२ साली आकाशदर्शनावर मराठीत एक गोड पुस्तक लिहिलं, 'ज्योतिर्विलास'. त्याचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. आमची पहिली घटका दुर्बीण जोडण्यात गेली, दुसरी तिचा एक स्क्रू शोधण्यात. तोवर मामा आणि मी नुसतेच अंगणात उताणे पडलो होतो, आणि डोळे आपोआप सरावले.

बॉर्टलची कुठली इयत्ता ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगतो, मोजायचं मी विसरलो. मृग डोक्यावर चढलेला, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, पुढे रोहिणी लाल, मागे व्याध पांढराफेक. कृत्तिकेचे मी सहा मोजले, मामांनी सात म्हटले, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या माणसाशी मी वाद घातला नाही. दक्षिणेला डोंगराच्या जरा वर अगस्त्य एकटाच उभा. आणि मृगाच्या शेजारून उत्तरेकडे गेलेला एक फिकट पट्टा. मामा उठून बसले. "मालक, धूर कसला? हितं कुणाची भट्टी हाय?" ती आकाशगंगा होती. चाळीस वर्षं ओतकामात घालवलेल्या माणसाला आकाशात दुसरं काय दिसणार?

साडूंची दुर्बीण अखेर लागली ती देवयानीवर. त्यातली ती धुरकट दीर्घिका दाखवत ते म्हणाले, "हा उजेड तिथून निघून २५ लाख वर्षं झाली. आज पोचला." मामांनी डोळा न काढता विचारलं, "२५ लाख वर्षांखाली डिस्पॅच केलेला माल?" मग माझ्याकडे वळून, "आणि आपलं गिऱ्हाईक तीन दिवस उशीर झाला की फोन करतंय."

दहाच्या पुढे ईशान्येला, डोंगराच्या कडेवर, सप्तर्षी वर येऊ लागले. साडू ऋषींची नावं सांगायला लागले. क्रतु, पुलह, पुलस्त्य... आजी पडवीतूनच म्हणाली, "ऋषी कुठले बाबा? ती बाज हाय म्हातारीची. चार खूर दिसतात न्हवं? आणि मागनं तीन चोर येतात, बाज पळवायला."

बघितलं, तर बाजेचे चारही खूर वर आले होते, पण शेपटीचे तीन तारे नव्हते.

"चोर अजून यायचे हाईत," आजी म्हणाली. "बाज आधी, चोर मागनं. एकदम येत नाहीत, एकेक येतात. चोरच ते." आणि ती आत झोपायला गेली.

आम्ही थांबलो. आकाशाकडे इतक्या उत्सुकतेने मी आयुष्यात बघितलेलं नाही. पहिला चोर डोंगराच्या कडेवरून डोकावला. बऱ्याच वेळाने दुसरा. मधेच साडूंच्या घरून फोन आला, "जेवलात का?" त्या उजेडाने वीस मिनिटं बुडाली. तिसरा चोर बाराच्या सुमाराला आला. पौषातल्या थंडीत कुडकुडत, अंगावर घोंगडं घेऊन, साठीच्या घरातली तीन माणसं एका ताऱ्यासाठी दोन तास खोळंबली होती, आणि तो आल्यावर तिघांनीही नकळत टाळ्या वाजवल्या. कुत्रं भुंकलं.

"तीन झाले," साडू म्हणाले.

"चौथा बी हाय की," मामा म्हणाले.

"चौथा कुठला?"

मामांनी डोंगरापलीकडे, रस्त्याच्या दिशेला बोट केलं. तिथे आकाशाला दुधाळ डाग पडला होता, आणि त्या डागात तारे नव्हते. "त्यो. सात पात्यांचा. आपला."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. अंधार होता ते बरं झालं.

परतताना हॉटेल उघडंच होतं, ट्रकवाले जेवत होते. ओतकामवाल्याच्या गाडीत स्टेपनी नसेल, पाने असतातच. मालकाला म्हटलं, "तुमचा दिवा जरा नीट करून देऊ काय? फुकट." तो संशयाने बघत राहिला, पण फुकट या शब्दाला सीमा नसते. मामा शिडीवर चढले. आमच्या दिव्याला मागे पट्टी असते, पट्टीला दोन बोल्ट. ते सैल केले, दिव्याचं तोंड आभाळावरून खाली अंगणात वळवलं, बोल्ट परत आवळले. डोंगर गेला. वटवाघळं गेली. हॉटेलवर मृग दिसू लागला. आणि इतका वेळ अंधारात असलेल्या पायऱ्या लख्ख उजळल्या.

"आयला, उजेड वाढला की!" मालक म्हणाला. "वॅट वाढवले काय?"

वॅट तेवढेच होते. आतापर्यंत अर्धे देवयानीला जात होते, आता गिऱ्हाइकाला मिळायला लागले. त्याने आम्हाला तीन ऑम्लेट दिली आणि पैसे घेतले नाहीत.

सोमवारी मामांनी दिव्याला वरून एक टोपी कोरली, उजेड बाजूने आणि वर सांडू नये म्हणून. नमुना गिऱ्हाइकाला पाठवलाय. त्यांचं म्हणणं, वजन वाढतंय, भाव वाढेल, आणि 'दिवा लांबून दिसला पाहिजे'. बोलणी चालू आहेत. साडू फाल्गुनाच्या अमावास्येला पुन्हा येणार आहेत, पहाटे वृश्चिक आणि धनू बघायला. नाक्यावरच्या साहेबांनी मूळ नक्षत्र प्रत्यक्ष दाखवा म्हणून नंबर घेऊन ठेवलाय.

टोपी होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही आज रात्री बाहेर या आणि आपल्या दारातल्या, गच्चीवरच्या, शेडवरच्या दिव्याचं तोंड कुठे आहे ते बघा. वर असेल तर खाली करा. पाठीवर सात पात्या असल्या तर तो आमचाच माल आहे, आणि त्याला तेरा नंबरचा पाना लागतो.